दगडी भिंती आणि घरातले वायफाय

घरात आलेली ब्रॉडबँडची एकच जोडणी अनेक संगणकांना वाटून देणे हे वरवर पाहता यंत्रांचे काम वाटत असले, तरी बीड जिल्ह्यातील जुन्या घरांत ते बरेचसे बांधकामाचे काम ठरते. कारण काळ्या दगडात आणि मातीत रचलेल्या ज्या जाड भिंती वैशाखातही खोल्या थंड ठेवतात, त्याच भिंती बिनतारी लहरींना अडवतात. अंबाजोगाईच्या जुन्या वस्तीतील अशाच एका घरात, २०२० साली शाळा-महाविद्यालये बंद होऊन अभ्यास आणि नोकरी ही दोन्ही संगणकावर आली तेव्हा, प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाने जे जाळे उभे केले, त्याचा हा वृत्तान्त आहे.

या घराची रचना मराठवाड्यातील जुन्या वाड्यांसारखीच आहे. रस्त्याच्या दारातून आत येताच ढेलज, म्हणजे दार आणि चौक यांच्यामधली बसाउठायची जागा, तिच्यामागे उघडा चौक, चौकाभोवती खोल्या आणि त्यांच्यावर माळवद, म्हणजे लाकडी तुळया व फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छत. मागच्या अंगाला तेवढी विटा-सिमेंटची एक नवी खोली. ऑप्टिकल फायबर, म्हणजे प्रकाशाच्या स्पंदांतून माहिती वाहून नेणारी काचेची बारीक तार, खांबावरून सरळ ढेलजेत उतरवण्यात आली आणि तेथेच मोडेमची पेटी बसली. ही पेटी प्रकाशाचे रूपांतर विद्युतसंकेतांत करते आणि राउटरचेही काम करते, म्हणजे बाहेरून मिळालेला एकच पत्ता घरातील सर्व यंत्रांत वाटून घेते: प्रत्येक यंत्राला १९२.१६८ ने सुरू होणारा एक खासगी पत्ता देते आणि कोणत्या यंत्राने काय मागितले याची नोंद ठेवून आलेले उत्तर त्याच यंत्राकडे पोचवते. घरात किती संगणक आहेत हे बाहेरच्या इंटरनेटला त्यामुळे दिसत नाही.

अशी सोय सामान्य घरात वापरता यावी, हे भारतात तुलनेने अलीकडे घडले आहे. वायफायचे पहिले तांत्रिक मानक १९९७ चे. परंतु ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ते प्रामुख्याने चालते, तो पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी केंद्र सरकारने परवान्याच्या अटीतून सोडवला तो जानेवारी २००५ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी जाहीर झालेल्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगालाही ब्रॉडबँड म्हटले होते, आणि तेवढ्या वेगात दोन संगणकांवर एकाच वेळी चलच्चित्रासह वर्ग भरणे शक्यच नव्हते. फायबरमुळे ती अडचण सरली, मात्र ती सरली ढेलजेपुरती.

ढेलजेत ठेवलेल्या लॅपटॉपवर वेग भरपूर मिळे, चौकातही रेंज बरी असे. परंतु माजघरात गेले की वर्गातील शिक्षकांचा आवाज तुटू लागे आणि मागच्या सिमेंटच्या खोलीत तर जाळ्याचे नावही दिसत नसे. याचे कारण लहरींच्या स्वभावात आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे सहा सेंटिमीटर असते, आणि दगड, माती, पाणी यांतून जाताना अधिक वारंवारतेची लहर सामान्यतः लवकर क्षीण होते. ही घट डेसिबलमध्ये मोजतात: तीन डेसिबलची घट झाली की शक्ती निम्मी होते, दहा झाली की दहावा भाग उरतो आणि वीस झाली की शंभरावा. दोन फूट जाडीच्या एका भिंतीमागे दुसरी तशीच भिंत असेल तर या घटी एकमेकींत मिळत जातात, त्यामुळे पेटीवरचे वेगाचे आकडे मोठे असले तरी तिसऱ्या खोलीत त्यांचा उपयोग राहत नाही. पावसाळ्यात माळवदाची माती ओल धरते आणि पाणी या लहरी शोषून घेते. म्हणून उन्हाळ्यात माळवदावर बसून काम करता येत असे, तेथे आषाढात रेंज जेमतेम मिळू लागली. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात अशाच सूक्ष्म लहरी भिंतीपार पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. लहरी भिंत ओलांडतात हे खरेच आहे. घरातल्या जाळ्याचा प्रश्न एवढाच की ओलांडल्यावर त्यांचे किती उरते.

बाजारात यावर सर्वांत सोपा म्हणून सुचवला गेलेला उपाय रिपीटरचा होता. रिपीटर म्हणजे क्षीण झालेली लहर पकडून पुन्हा नव्या जोमाने सोडणारे उपकरण. परंतु साध्या रिपीटरला ऐकणे आणि बोलणे एकाच चॅनेलवर करावे लागते, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय तो जेथे ठेवावा तेथे मुळात चांगली रेंज हवी, आणि या घरात चौक सोडला तर अशी जागा नव्हती. चौक उघडा, म्हणजे पावसात भिजणारा. म्हणून दगडाच्या आरपार लहर ढकलण्याऐवजी दगडापलीकडे तार न्यावी आणि तेथून नवी लहर सोडावी, असे ठरले. लेखकाच्या मते जाड भिंतींच्या घरासाठी हाच मार्ग योग्य आहे, आणि बिनतारी जाळ्याचा पाया तारेचा असण्यात काहीही कमीपणा नाही.

कॅट-६ प्रकारची लॅन वायर, जिच्यात तांब्याच्या आठ बारीक तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात, शंभर मीटरपर्यंत संकेत नीट नेते. घराला त्यातला थोडाच भाग पुरला. जुन्या दगडी भिंतीला भोक पाडणे धोक्याचे असते, कारण दोन्ही बाजूंच्या दगडी थरांमध्ये माती-मुरूम भरलेला असतो आणि ड्रिलच्या हादऱ्याने तो आतून सुटू शकतो. त्यामुळे तुळई आणि भिंत यांच्यात आधीपासून असलेल्या फटीतून वायर ओवली, चौकाच्या कडेने ती प्लास्टिकच्या नळीतून नेली आणि माजघरातल्या देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, दुसरे राउटर ठेवले. हे दुसरे राउटर मात्र राउटर म्हणून चालवायचे नव्हते. दोन राउटर आपापले पत्ते वाटू लागले की घरात दोन वेगळी जाळी तयार होतात आणि एका खोलीतला प्रिंटर दुसऱ्या खोलीतल्या संगणकाला सापडत नाही. म्हणून त्याचे पत्ते वाटण्याचे काम, ज्याला डीएचसीपी म्हणतात, बंद केले, त्याला पहिल्या राउटरच्या मालिकेतला एक स्थिर पत्ता दिला आणि वायर त्याच्या लॅनच्या खाचेत जोडून त्याला केवळ अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे तारेवरची माहिती लहरींवर चढवणारे टोक, बनवले. जाळ्याचे नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखे ठेवले, चॅनेल मात्र एकीकडे १ आणि दुसरीकडे ११ असे निवडले, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील शेजारशेजारची चॅनेले एकमेकांवर चढतात आणि १, ६ व ११ ही तीनच परस्परांपासून पुरेशी दूर असतात. सिमेंटच्या खोलीतल्या संगणकाला तर लहरीची गरजच उरली नाही. त्याच वायरची एक फांदी थेट त्याच्यात गेली.

विजेचा प्रश्न निराळा होता. फायबरच्या मार्गात केंद्रापासून घरापर्यंत वीज लागणारे उपकरण नसते, त्यामुळे गल्लीतली लाईट गेली तरी केंद्राकडची वीज टिकून असल्यास तारेतला प्रकाश चालूच राहतो; बंद पडते ती घरातली पेटी. दोन्ही पेट्या बारा व्होल्टवर चालणाऱ्या आणि अगदी थोडी वीज खाणाऱ्या असल्याने, त्यांची सॉकेटे इन्व्हर्टरच्या लाईनवर घेताच वर्गात येणारा खंड थांबला.

या जाळ्याचा सर्वांत चांगला उपयोग मात्र घराबाहेरच्यांना झाला. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मुले पुष्कळदा आजी-आजोबांकडे मागे राहतात; ऑनलाइन वर्गाच्या काळात अशा घरांत एखादा मोबाइल असला तरी महिनाभराचे रिचार्ज परवडत नव्हते. गल्लीतली काही मुले ढेलजेत बसून अभ्यास करू लागली. त्यांना घराचा मुख्य पासवर्ड न देता राउटरमधील पाहुण्यांसाठीचे स्वतंत्र जाळे सुरू केले, ज्यातून इंटरनेट मिळते पण घरातले संगणक आणि त्यांवरील फाइली दिसत नाहीत. पासवर्डच न ठेवता जाळे खुले सोडावे, अशीही सूचना घरात पुढे आली होती. परंतु जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांसंबंधीचा ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या असुरक्षित वायफायवरून पाठवला गेला होता आणि त्या घरमालकाला चौकशीला तोंड द्यावे लागले होते. पुढच्या वर्षी दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याविषयी सेवा पुरवणाऱ्यांना सूचनाही दिल्या. उदारपणा आणि निष्काळजीपणा यांतला हा फरक जपणे आवश्यक होते.

म्हणून पाहुण्यांच्या जाळ्यालाही डब्ल्यूपीए-२ पद्धतीचे कुलूप घातले. जुनी डब्ल्यूईपी पद्धत फोडता येते हे २००१ सालीच सिद्ध झाले होते, त्यामुळे तिचा विचार केला नाही. पासवर्ड मुलांच्या हाती न देता त्यांच्या मोबाइलमध्ये मोठ्यांनी स्वतः घालून द्यायचा, असा रिवाज ठरला. वेगाची कमाल मर्यादाही पाहुण्यांच्या जाळ्यावर घातली, ती मात्र वर्गाचे चलच्चित्र न थांबता चालेल एवढी ठेवली. शाळा पुन्हा भरू लागल्यावरही दहावीच्या मुलांसाठी हे जाळे संध्याकाळी चालू राहिले.