शेवटचे पान

कादंबरीकाराने हृदयाला जितके राबवले आहे तितके दुसऱ्या कोणी राबवले नसेल. माझ्याच कादंबऱ्यांतून ते कितीदा भरून आले, फाटले, पिळवटले, आणि एका नायिकेने तर ते सरळ पाकिटात घालून पोस्टाने पाठवून दिले! आमच्या शाळेतले शास्त्राचे मास्तर मात्र त्याच हृदयाला ‘मुठीएवढा स्नायू’ म्हणतात. पूर्वी मला या अरसिकपणाचा राग येई. आता येत नाही. दोन वर्षांपूर्वी माझे थोरले बंधू वयाच्या ५१ व्या वर्षी दुकानाच्या गादीवर बसल्याबसल्या गेले. मी ४७ वर्षांचा आहे. तेव्हापासून त्या मुठीएवढ्या स्नायूकडे मी अधिक आदराने पाहू लागलो आहे.

त्यानंतर मी स्वतःला तपासून घेतले. रक्तदाब किंचित चढलेला निघाला. आमचे डॉक्टर बोलके आहेत. औषधाच्या चिठ्ठीपेक्षा गप्पा लांब. ते म्हणाले, “मास्तर, हृदय आवळते तेव्हा साऱ्या देहाला रक्त वाढते. पण त्या क्षणी त्याच्या स्वतःच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्याही आवळल्या जातात. त्याच्या वाट्याचे बरेचसे रक्त त्याला मिळते ते दोन ठोक्यांच्या मधल्या उसंतीत.”

मला एकदम आमची आई आठवली. पंगतीवर पंगती वाढून झाल्यावर, उरलेसुरले घेऊन ती शेवटचे पान मांडी. आणि तेवढ्यात कोणी पाणी मागितले की तेही सोडून उठे! हृदयाची तऱ्हा हीच. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाचे १,०३,६८० होतात. एवढ्या वाढपातून त्याला स्वतःसाठी जी उसंत मिळते तीच त्याची जेवणवेळ. तेव्हा हृदयासाठी काय करावे, या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे की, त्याचे काम हलके करावे आणि त्याला सावकाश जेवू द्यावे.

काम वाढवणारा पहिला पाहुणा म्हणजे मीठ. ते अंगात पाणी धरून ठेवते, रक्ताचा दाब चढतो, आणि बिचाऱ्या हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ पोटात जावे. आमच्या घरी हे मीठ डब्यात नव्हे, ताटाच्या डाव्या बाजूला सापडले. पापड, लोणचे, सांडगी मिरची! हृदयही डावीकडचेच, पण या शेजाऱ्यांशी त्याचे जमत नाही. आता सौभाग्यवतींनी डावीकडे फक्त कोशिंबीर वाढवली आहे, आणि उजवीकडे मोडाची उसळ नि पालेभाजी. पहिले आठ दिवस सारे अळणी लागले. महिन्याभराने जिभेला पालकाची स्वतःची चव कळू लागली.

दुसरा पाहुणा वनस्पती तूप. आमच्या लहानपणी चिरोट्यांचा खुसखुशीतपणा त्याच्याच जिवावर असे. तेलात हायड्रोजन घालून ते थिजवताना जी ट्रान्स चरबी तयार होते, ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले घटवते. आपल्या देशात तेला-तुपांतले तिचे प्रमाण २०२२ सालापासून २ टक्क्यांवर आणले आहे. तरी पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातली चकली मी नाकारतोच. तंबाखूविषयी तर बोलायलाच नको. ती रक्तवाहिन्यांची उघड वैरीण.

आणि तिसरी गोष्ट बसणे. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाडी तीच, रस्ता तोच, पण दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. या गृहस्थांचा प्रामाणिकपणा असा की, ड्रायव्हर मुळातच जाडे असतात की काय, हे पाहायला त्यांनी पुढे गणवेशाच्या विजारींच्या कंबरा तपासल्या! ड्रायव्हर जाडे निघाले खरे. पण पुढच्या अभ्यासात दिसले की अंगकाठी कशीही असली तरी कंडक्टरच सुरक्षित. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले.

ते वाचल्यापासून मी वर्गातला ड्रायव्हर न राहता कंडक्टर झालो आहे. खुर्ची सोडून बाकांमधून फिरत शिकवतो. मागच्या बाकावरची मंडळी नाराज आहेत. शिवाय रोज अर्धा तास झपझप चालतो. आठवड्याला १५० मिनिटे पुरेत म्हणतात. अशा सवयीने हृदयाचे ठोके सावकाश होतात. मिनिटाला १० जरी वाचले तरी दिवसाला १४,४०० झाले. तेवढेच त्याचे जेवण निवांत!

दिवाळीच्या दिवसांत हा काय जप, असे म्हणू नका. फराळ जरूर करा. मीही करणार आहे. बंधूंना करंज्या फार आवडत. त्यांच्या नावाने एक जास्तच खाईन. फक्त ताट उचलण्यापूर्वी स्वयंपाकघरात एकदा डोकावून पाहा. तिथे कोणीतरी सर्वांचे झाल्यावर खायचे म्हणून थांबले असेल. त्या माणसाला आज पहिल्या पंगतीला बसवा. त्याच्याही छातीत एक शेवटचे पान मांडलेले आहे.