बिघाडातले शहाणपण

आषाढ लागला की मावळचे रूप पालटते. लोहगड, राजमाची यांचे माथे धुक्यात बुडतात, भाताची खाचरे तुडुंब भरतात आणि लोणावळ्यास दिवसचे दिवस सूर्यदर्शन घडत नाही. पुणे शहरात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून ६४ किलोमीटरांवरील लोणावळ्यात मात्र तो ४,००० मिलिमीटरांच्या घरात जातो. या दिवसांत भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत आणि विजेवर चालणारी नाजूक उपकरणेही कुरकुरू लागतात.

शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. परंतु धूळ आणि क्षार त्यात विरघळले, की तेच पाणी विजेला वाट करून देते. मोबाइलच्या आतील तांब्याच्या रेषा केसासारख्या बारीक आणि एकमेकींच्या अगदी निकट असतात. दमट हवेतील बाष्पाचा थेंब त्यांच्यामध्ये जमला, तरी वीज नेमलेली वाट सोडून आडवाटेस लागते. म्हणूनच भिजलेले उपकरण लगेच सुरू करू नये. ते पूर्ण कोरडे होईपर्यंत धीर धरावा.

विजेची हीच आडवाट रेल्वेच्या रुळांवरही दिसते. लोणावळ्याखालच्या बोरघाटातून १८६३ पासून आगगाडी धावत आहे. मार्गावर गाडी आली हे ओळखण्यासाठी रेल्वेत अनेक ठिकाणी एक जुनी युक्ती योजतात. दोन्ही रुळांतून अल्प दाबाची वीज खेळवतात. ती टोकाच्या विद्युत्‌चुंबकापर्यंत पोचते, तोवर मार्ग मोकळा समजावयाचा. गाडी आली की तिची चाके आणि त्यांना जोडणारा पोलादी आस यांतून वीज मध्येच वळते; चुंबक दुबळा होतो आणि सिग्नल लाल होतो. मुसळधार पावसात रुळांखालची खडी चिखलपाण्याने भरली, तर वीज त्या पाण्यातूनही गळते. मग गाडी नसतानाही सिग्नल लाल! गाड्या खोळंबतात, प्रवासी त्रासतात. परंतु योजना करणाऱ्यांनी आधीच ठरवले आहे, की यंत्र चुकलेच तर ते थांबवण्याच्या बाजूने चुकावे. खोट्या लाल दिव्याने वेळ जातो. खोट्या हिरव्या दिव्याने प्राण जातील.

तरीही कड्यावरची दरड सैल झाल्याचे यंत्राला कळेलच असे नाही. म्हणून पावसाळ्यात रेल्वेचे कामगार रात्री-अपरात्री हाती दिवा घेऊन घाटातील मार्ग पायी तपासतात. धुक्यात तो दिवा हलत हलत पुढे जातो आणि त्याच्या भरवशावर डब्यात निजलेले शेकडो प्रवासी सुखरूप घाट उतरतात.