मिठाचा हिशेब

‘आजपासून मीठ कमी करा’ हे सांगायला डॉक्टरांना अर्धं मिनिट लागतं. पुढचं सगळं घरातल्या बाईकडे येतं. आमच्या ह्यांचा रक्तदाब १५०-१०० निघाला, तेव्हा हे बेचाळीस वर्षांचे होते. माझे सासरे बावन्नाव्या वर्षी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले आणि पुढची सहा वर्षं सासूबाईंनी त्यांचं सगळं केलं. त्यामुळे डॉक्टरांचं ते एक वाक्य आमच्याकडे कुणी हसण्यावारी नेलं नाही.

गोळी सुरू झाली. आमटी-भाजीत मीठ बेतानं पडू लागलं. पण मिठाच्या डब्याला हात न लावताही मीठ पोटात जातं, ते आपण पिशवीत घालून घरी आणतो म्हणून. पाव, टोस्ट, बिस्किटं, सॉस, सूपची पाकिटं, मुलांच्या नूडल्स, फरसाण! यातलं निम्मं तर खारट लागतही नाही. म्हणून मी पथ्य वाण्याच्या यादीपासूनच धरलं.

मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचासुद्धा नाही, आणि त्यात सगळंच आलं. पाकिटावर मात्र ‘मीठ’ असं लिहिलेलं नसतं. ‘सोडियम’ असतं, तेही मिलिग्रॅममध्ये, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्या आकड्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. २००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ५ ग्रॅम मीठ, दिवसाचा शिधा संपला! आमच्या नेहमीच्या पापडांच्या पाकिटावर १०० ग्रॅमला १७०० होते. एक पापड बारा ग्रॅमचा धरला तरी त्यात अर्धा ग्रॅम मीठ, आणि ह्यांना जेवताना दोन लागत. काही कंपन्या आकडा १०० ग्रॅमचा न देता ‘एका वेळच्या खाण्याचा’ ठळक छापतात. ते ‘एका वेळचं’ म्हणजे चार चिप्स! चार चिप्सवर थांबणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. दोन पाकिटांची तुलना करायची तर १०० ग्रॅमचेच आकडे पाहावेत.

पाकिटाच्या पुढच्या बाजूवर माझा फारसा विश्वास नाही. ‘मल्टिग्रेन’, ‘बेक्ड’, ‘लो फॅट’ यांतल्या एकाही शब्दाचा मिठाशी संबंध नाही. मागे घटकांची यादी असते, ती वजनाच्या उतरत्या क्रमानं. ‘मल्टिग्रेन’च्या यादीत पहिलाच मैदा आला की मी पाकीट परत फळीवर ठेवते.

शाळेतल्या एका मैत्रिणीनं सैंधव सुचवलं. सैंधवही बहुतांश सोडियमच, शिवाय पुष्कळदा आयोडिनाशिवाय. कमी सोडियमचं म्हणून मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. ज्यांचं मूत्रपिंड अधू आहे किंवा ज्यांना रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू आहेत, त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि ढोकळ्यातला सोडा विसरू नका हं! चहाच्या चमचाभर खाण्याच्या सोड्यात बाराशेच्या वर मिलिग्रॅम सोडियम असतं.

मंडईचा खर्च मात्र आमचा वाढला. मीठ कमी झालं की जिभेला दुसरं काहीतरी द्यावं लागतं. लिंबं, आलं, लसूण, ओल्या मिरच्या, कोथिंबिरीची मोठी जुडी, उन्हाळ्यात कैरी. जिरं भाजून, कुटून ठेवते. कोकमाचं आगळ आणायचं बंद केलं, कारण त्यात मीठ भरपूर. खारे शेंगदाणे गेले, घरी भाजलेले आले. फुटाणे आणताना बिनमिठाचे मागून घेते. आधी दुकानदार माझ्याकडे बघत राहायचा, आता स्वतःच वेगळे काढून ठेवतो.

खरी कसोटी घरात होती. पहिल्या आठवड्यात हे ताटावर गप्प बसायचे. एकदा म्हणाले, “अगं, तुम्ही सगळे पापड मोडताय आणि मी बघतोय. मला आजाऱ्याचं ताट नको.” म्हटलं ते अगदीच चुकीचं नव्हतं. त्या दिवसापासून ह्यांच्यासाठी वेगळं आणि बाकीच्यांसाठी वेगळं असं मी काही आणत नाही. मुलांनी फरसाणासाठी महिनाभर तोंडं वाकडी केली. शेवटी दर रविवारी प्रत्येकी एक पापड, भाजलेला, यावर तह झाला. तिघं-चौघं एका पापडावरून भांडतात, पण ह्यांचं ताट आता वेगळं दिसत नाही.

मिठाच्या पुड्यावर मी उघडल्याची तारीख घालते. आम्ही पाच माणसं, तेव्हा किलोचा पुडा चाळीस दिवसांच्या आत संपता कामा नये. पाव-बिस्किटांतलं मीठ धरलं तर आणखी लांबायला हवा. मागचा पुडा बावन्न दिवस गेला. ह्यांचा वरचा आकडा गेल्या तपासणीला १३४ होता. गोळी चालूच आहे.

राहता राहिलं लोणचं. ते सासूबाईंचं, त्यात मी बोलले नाही. लोणच्याला मीठ कमी घालता येत नाही, नाही तर ते टिकत नाही. यंदा वैशाखात त्यांनी स्वतःच मला सांगितलं, “पाच किलो कैऱ्या नको आणूस, दोनच आण. आणि ती मोठी बरणी माळ्यावर टाक.”