पोलादी सुरांचे नकलकार: ब्रिटिश हेवी मेटल, रिद्धपूरच्या पोथ्या आणि वऱ्हाडातल्या कॅसेटी

१/ अमरावतीतला एखादा मेटलवेडा तरुण गाठावा आणि त्याला विचारावे, की 'डायमंड हेड' या इंग्लिश बँडच्या १९८० सालच्या पहिल्या अल्बमवर ड्रम कोणी वाजवले. तो चटकन सांगेल: डंकन स्कॉट. मग त्यालाच विचारावे, की त्याच्या महाविद्यालयाच्या गॅदरिंगमध्ये पंचवीस वर्षांपूर्वी गिटार घेऊन कोणती मुले उभी राहिली होती. तिथे तो गप्प होईल.

२/ हा धागा त्या गप्प होण्याविषयी आहे. ब्रिटिश हेवी मेटलच्या आरंभीच्या, विस्मृतीत गेलेल्या बँडचा इतिहास मुख्यतः चाहत्यांनी जपला. तो त्यांनी कसा जपला हे नीट पाहिले, की ती रीत वऱ्हाडाला अजिबात परकी नाही हे ध्यानात येते. आणि वऱ्हाडात काय निसटत चालले आहे, तेही.

३/ सुरुवात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांपासून. टोनी आयोमी हा १७ वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्याच दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे टोक तुटले. तो डावखुरा, गिटारच्या तारा दाबणारा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा चढवल्या आणि पुढे त्या सैल करून सूर खाली उतरवला.

४/ त्या सैल तारांतून निघालेला जड, खर्जातला नाद म्हणजे 'ब्लॅक सॅबथ'. त्यांचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. हेवी मेटलची जन्मतारीख विचारली, तर पुष्कळ चाहते हाच दिवस सांगतात. एका कामगार मुलाच्या अपघाताने एका संगीतप्रकाराचा पोत ठरवला, ही कथा त्यांना मुखोद्गत असते.

५/ मात्र जुन्या, अनोळखी बँडच्या शोधाचे वेड खऱ्या अर्थाने लागते ते दुसऱ्या पिढीपाशी. ८ मे १९७९ रोजी लंडनच्या कॅम्डेन भागातील 'म्युझिक मशीन'मध्ये 'एंजल विच', 'आयर्न मेडन' आणि 'सॅमसन' एकाच रात्री वाजले. 'साउंड्स' या साप्ताहिकात जेफ बार्टनने त्याचा वृत्तान्त लिहिला आणि त्यासोबत एक नाव रूढ झाले: 'न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल'.

६/ या लाटेतल्या बहुतेक बँडना मोठ्या कंपन्यांनी दारात उभे केले नव्हते. म्हणून त्यांनी स्वतःच तबकड्या काढल्या. आयर्न मेडनने १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये 'द साउंडहाउस टेप्स' ही तीन गाण्यांची तबकडी काढली. प्रती ५०००, विक्री टपालाने. पुढे मेडन जगभर गाजले आणि त्या ५००० प्रती संग्राहकांच्या दृष्टीने सोन्याच्या मोलाच्या झाल्या.

७/ स्टाउरब्रिज गावच्या डायमंड हेडची कथा अधिक करुण. १९८० चा त्यांचा अल्बम कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात निघाला. त्यावर नाव नाही, चित्र नाही. पहिल्या खेपेच्या प्रती सुमारे १०००. विक्री कार्यक्रमांत आणि टपालाने. ध्वनिमुद्रणाच्या मूळ टेप एका परदेशी कंपनीकडे गेल्या आणि बरीच वर्षे बँडकडे परत आल्याच नाहीत. बँडपाशी स्वतःच्याच गाण्यांची मूळ प्रत उरली नाही.

८/ इथे चाहता प्रवेश करतो. लॉस एंजेलिसमध्ये राहणारा लार्स उलरिक हा डॅनिश मुलगा १९८१ च्या उन्हाळ्यात, वयाच्या १७ व्या वर्षी, केवळ डायमंड हेडसाठी इंग्लंडला गेला. कार्यक्रम ऐकला, बँडशी ओळख काढली आणि त्यांच्याच घरी मुक्काम ठोकला. त्याच वर्षी अमेरिकेत परतल्यावर त्याने जेम्स हेटफील्डसह 'मेटालिका'ची स्थापना केली.

९/ आरंभीच्या कार्यक्रमांत मेटालिका डायमंड हेडची गाणी वाजवी. ऐकणाऱ्यांना ती मेटालिकाचीच वाटत. १९८४ मध्ये त्यांनी डायमंड हेडचे आणि 'ब्लिट्झक्रीग'चे अशी दोन गाणी स्वतःच्या तबकडीवर घेतली. यांतले ब्लिट्झक्रीगचे गाणे १९८१ साली वॉल्सेंडच्या 'नीट रेकॉर्ड्स'ने काढलेल्या एका छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूला होते. १९९० मध्ये उलरिक आणि बार्टन यांनी मिळून त्या लाटेतल्या बँडचा एक संग्रहच प्रसिद्ध केला. एका चाहत्याची आवडीची यादी अशा रीतीने इतिहासाचे साधन झाली.

१०/ असा चाहता नेमके काय करतो? तो प्रती जुळवतो. डेमोतले गाणे, तबकडीवरचे गाणे आणि अल्बममधले गाणे यांत कोणते कडवे गाळले, कोणता ड्रमर बदलला, कोणते वर्ष चुकीचे छापले, याची तो वहीत नोंद करतो. त्याला कोणी पदवी देत नाही. इतिहासाच्या वर्गात मात्र याच कामाला पाठचिकित्सा म्हणतात.

११/ आणि पाठचिकित्सेचा विषय निघाला, की अमरावती जिल्ह्यात पाय ठेवावाच लागतो. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे पुण्यक्षेत्र. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी इथे 'लीळाचरित्र' या ग्रंथात बांधल्या. ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले, त्या माणसांपर्यंत ते स्वतः गेले आणि प्रत्येकाकडून आठवण विचारून घेतली.

१२/ पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत हरवली. अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, नकलकारांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या प्रती केल्या आणि त्यातून पाठभेद निर्माण झाले. वि. भि. कोलते यांनी अनेक हस्तलिखिते ताडून संपादित केलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ हरवल्यावरही ग्रंथ उरला तो ऐकणाऱ्यांच्या आणि लिहून घेणाऱ्यांच्या निष्ठेमुळे.

१३/ धर्मग्रंथ आणि हेवी मेटल यांची तुलना आशयाच्या पातळीवर कोणी करू नये. साम्य आहे ते टिकण्याच्या रीतीत. मूळ प्रत नाहीशी होते. स्मरण, नक्कल आणि ताळा यांवर पुढचे सारे अवलंबून राहते. ज्या जिल्ह्याने ही रीत सातशे वर्षांपूर्वी कसोशीने पाळली, त्या जिल्ह्यातल्या मेटलच्या चाहत्याने आपल्या वहीबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही.

१४/ हे संगीत वऱ्हाडापर्यंत पोहोचले तेही नकलांच्याच वाटेने. अकोला मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे ५८० किलोमीटर. हा मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला आणि त्याने वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे नेला. शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच रुळांवरून, सुट्टीत घरी परतणाऱ्या विद्यार्थ्याच्या बॅगेत, मुंबई-पुण्याहून भरून आणलेली कॅसेट उलट दिशेने येऊ लागली.

१५/ कॅसेटचे गणित साधे होते. ९० मिनिटांची कोरी कॅसेट. एका बाजूला ४५ मिनिटे. एलपी साधारण ४० मिनिटांची, म्हणजे एका कॅसेटमध्ये दोन अल्बम आणि शेवटी उरलेल्या जागेत एखादे सुटे गाणे. कोणी चुकून वर दुसरे काही भरू नये म्हणून कडेचे प्लास्टिकचे कान मोडून टाकायचे. फीत सैल झाली, तर दातेरी चाकात पेन्सिल घालून गुंडाळायची.

१६/ मित्राच्या कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. प्रत्येक नकलेसोबत खरखर वाढे आणि वरचे सूर पुसट होत. आतल्या कार्डावर नावे कानावर पडतील तशी लिहिली जात. बँडचे नाव अल्बमला, अल्बमचे गाण्याला. नकलकाराचा हस्तदोष म्हणतात तो हाच. जो पुढे मूळ तबकडी मिळवून त्या कार्डावरची चूक खोडून दुरुस्त करी, तो नकळत संपादक होई.

१७/ वऱ्हाडात 'बँड' म्हटले की आधी लग्नातली बँडपार्टीच आठवते. त्यामुळे बंद खोलीतून हा गदारोळ ऐकू आला, की वडीलधाऱ्यांचा प्रश्न ठरलेला: "काय बोंबलून राह्यला रे हा?" त्या प्रश्नाला तिथे कुणाकडे उत्तर नसे. इंग्रजी शब्द अर्धेमुर्धे कळत, पण गिटारचा घाव पुरता पोहोचे. अशा घरात हे वेड एकट्याने जोपासावे लागे. आणि एकट्याच्या वेडाची नोंद फारशी कुठे होत नाही.

१८/ मुंबईत मात्र या वेडाला मैदान होते. १९८४ मध्ये 'रॉक मशीन' हा बँड उभा राहिला. महेश तिनईकर, उदय बेनेगल अशी मंडळी त्यात होती. त्यांचा पहिला अल्बम १९८८ मध्ये आला आणि १९९३ मध्ये बँडने 'इंडस क्रीड' असे नाव घेतले. धोबी तलावाच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' भरू लागले. १९९३ मध्ये अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे नियतकालिक निघाले आणि लहान शहरांतल्या वाचकाला देशातल्या बँडची बातमी छापील रूपात मिळू लागली.

१९/ त्याहीआधीचे धागे आहेत. १९५८ च्या सुमारास पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. पियानोवर होता फारोख बलसारा, जन्म झांजीबारचा; पुढे लंडनच्या 'क्वीन'चा फ्रेडी मर्क्युरी. क्वीनने १९७४ मध्ये मुद्रित केलेले एक गाणे मेटालिकाने नव्याने वाजवले आणि त्याला १९९१ मध्ये मेटल विभागातले ग्रॅमी मिळाले. हेक्टिक्सचे ध्वनिमुद्रण मात्र नाही. आहेत ती छायाचित्रे आणि वर्गमित्रांच्या आठवणी; त्याही टिकल्या, कारण चाहत्यांनी जाऊन विचारले.

२०/ इथेच मेख आहे. हेक्टिक्सच्या आठवणी विचारल्या गेल्या, कारण त्यातला एक मुलगा पुढे जगप्रसिद्ध झाला. सत्तरच्या दशकातल्या मुंबईच्या 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' या बँडची तबकडी नव्याने जगासमोर आणली ती अमेरिकेतल्या एका कंपनीने. ज्यांच्यातला कोणी मर्क्युरी झाला नाही आणि ज्यांच्यापर्यंत परदेशी संग्राहक पोहोचला नाही, त्यांचे काय?

२१/ १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडनने आपला जागतिक दौरा मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवत बँडला घेऊन आला होता. कॅसेटच्या पिढीला त्या रात्री आपल्या वेडाची पावती मिळाली. नंतर इंटरनेटने उरलेसुरले अंतर मिटवले. डायमंड हेडचा तो पांढरा अल्बम आज अकोल्यात बसून मोबाइलवर ऐकता येतो. आठवणी विचारणारे आणि पाठ ताडणारे मिळाले, म्हणूनच तो या वाटेवर टिकला.

२२/ वऱ्हाडातल्या श्रोत्यांना आणि हौशी वादकांना तसे कोणी मिळालेले नाही. गॅदरिंगमध्ये उसन्या गिटारवर दोन गाणी वाजवणारी मुले आज पन्नाशीकडे झुकली आहेत. त्यांच्या बँडला नाव होते, तालमीची जागा होती, भांडणे होती, ड्रमर ऐनवेळी गावी गेल्याचे किस्से होते. घरोघरी उरलेल्या कॅसेटींवर ओलाव्याने बुरशी धरते आहे. फितीवरचा चुंबकीय थर झडला, की आवाज कायमचा जातो. रद्दीवाला त्या प्लास्टिकच्या भावाने नेतो.

२३/ डंकन स्कॉटचे नाव पाठ असणे ही नामुष्की नव्हे. तो त्या तरुणाच्या अभ्यासाचा पुरावा आहे. ज्याला ४० वर्षांपूर्वीच्या इंग्लिश तबकडीची खेप ओळखता येते, त्याच्याकडे काकांच्या कॅसेटचा इतिहास लिहिण्याची सारी हत्यारे आधीच आहेत. तीच नजर फक्त आपल्या गल्लीकडे वळवायची आहे.

२४/ काम लहान आहे. कॅसेटच्या कार्डाचे छायाचित्र काढावे. चुका असतील तर त्यांच्यासकट. ती कोणाकडून, कोणत्या साली, कुठे भरून घेतली, हे विचारावे आणि उत्तर सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहावे. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर दोन्ही ठेवाव्यात. पाठभेद गाळू नयेत. म्हाइंभट ऐकणाऱ्यांच्या दारी गेले, तेव्हा ते ऐकणारे हयात होते. वऱ्हाडातले हे श्रोतेही आज हयात आहेत.