फोनची खरखर

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात ते आलं २००० साली. मी तेव्हा शाळेत होते. मोडेम जोडला जाताना कसा किंचाळायचा, आठवतंय ना?

मावशी अमेरिकेत, तिचे दिवस भरत आलेले. आईचा सगळा जीव तिच्या ई-मेलमध्ये! आणि ऐन पावसाळ्यात जोडणी सारखी तुटू लागली. बाबा आणि दादा संगणक उघडून बसले. (यंत्राचं दुखणं पुरुषांनीच काढायचं, हा घरोघरचा रिवाज.) आईने मात्र रिसीव्हर कानाला लावला.

"अहो, फोनच खरखरतोय. मोडेम बिचारा काय करील?"

खरंच होतं. मोडेम अक्षरांचे आवाज करून तारेतून धाडतो. खरखरीत ते पलीकडे नीट पोचत नाहीत. आईने आजींच्या खोलीतल्या पॅरलल फोनची वायर सोडवली. खरखर थांबली! तिथलाच सांधा ओल धरून गंजला होता.

बाबांनी मावशीला लिहिलं, "मोडेम दुरुस्त केला." आईने खाली एकेक अक्षर शोधत घातलं, "मी केला."