टायरवरची खडूची रेघ

बऊबाजार, कोलकाता

प्रिय पुतण्यास,


दिवाळीनंतर तू आपल्या इथल्या दुकानात रुजू होणार हे दादाच्या फोनवरून कळलं. त्याच फोनमध्ये तुझा निरोपही होता: ऑटोक्रॉस सुरू करायचंय, तर गाडी कुठली घेऊ? फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून पत्र.

आधी खेळ नीट समजून घे. मोकळं मैदान, त्यावर शंकू आणि जुने टायर मांडून आखलेली नागमोडी वाट, आणि घड्याळ. गाड्या एकमेकींना खेटून पळत नाहीत. सहसा एकेक गाडी सोडतात. कुठे दोन सोडल्या तरी त्यांच्या वाटा वेगळ्या असतात किंवा मध्ये अंतर ठेवतात. शंकू पाडला की वेळेत दंडाचे सेकंद चढतात, वाट चुकली की फेरी बाद. अमेरिकेत हा खेळ डांबरी किंवा काँक्रीटच्या पटांगणावर चालतो. तिथल्या एससीसीए या संस्थेची राष्ट्रीय स्पर्धा १९७३ पासून भरते आणि एका शंकूला दोन सेकंद दंड बसतो. ब्रिटनमध्ये ऑटोक्रॉस म्हटलं की गवताळ किंवा मातीचं रान. आपल्याकडे ब्रिटनचंच वळण आलं आणि बहुतेक स्पर्धा मातीवर होतात. त्यामुळे अमेरिकन व्हिडिओ पाहून डांबरावरचे चिकट टायर मागवलेस तर ते इथल्या मातीत निरुपयोगी ठरतील.

कोलकात्याला मोटारींची ओढ जुनी. ऑटोमोबाइल असोसिएशन ऑफ बेंगॉल १९०४ साली इथे स्थापन झाली. आज तीच ऑटोमोबाइल असोसिएशन ऑफ ईस्टर्न इंडिया. हुगळीच्या पलीकडे उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात २०१४ पर्यंत अँबॅसडर बनत होती, आणि स्टेट्समन दैनिकाची जुन्या मोटारींची रॅली पाहायला अजूनही घरंच्या घरं बाहेर पडतात. राष्ट्रीय रॅली स्पर्धेत पूर्वी महिंद्राच्या संघातून एक्सयूव्ही ५०० चालवणारा अमित्रजित घोष याच शहरातला. २०२४ मध्ये सौरव गांगुलीच्या मालकीचा कोलकाता रॉयल टायगर्स हा संघ इंडियन रेसिंग लीगमध्ये उतरला. संघ कोलकात्याचा खरा, पण त्या वर्षी शर्यती झाल्या चेन्नई आणि कोइम्बतूरला. इथे कायमचा ट्रॅकच नाही. मैदान म्हणशील तर सगळ्यात मोठं ते सैन्याच्या ताब्यात. म्हणूनच हिवाळ्यात शहराबाहेर कुठे शंकू मांडले गेले तर ती संधी सोडायची नाही.

ट्रॅक नाही म्हणून काही मुलं रात्री न्यू टाउनच्या रुंद रस्त्यांवर गाड्या पळवतात. तू त्यांच्यात जायचं नाहीस, हे काका म्हणून स्पष्ट सांगतो. जानेवारी २०१६ मध्ये रेड रोडवर प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची तालीम चालू असताना एक भरधाव गाडी आत घुसली आणि हवाई दलाचा एक जवान गेला. आजही पहाटे त्या रस्त्याने जाताना ते आठवतं. शंकूंच्या मैदानात चूक झाली तर प्लास्टिकचा शंकू आडवा होतो. रस्त्यावर माणूस आडवा होतो.

आता गाडी. नवी मुलं पहिल्यांदा इंजिनाची ताकद विचारतात, आणि पैसे चुकीच्या जागी जातात ते इथेच. ऑटोक्रॉसच्या वाटेवर गाडी दुसऱ्या गिअरच्या वर फारशी जात नाही. सगळा वेळ वळण्यात, थांबण्यात आणि पुन्हा उचल घेण्यात जातो, आणि या तिन्हींच्या आड येतं ते वजन. मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, पण अख्खी गाडी साडेसहाशे किलोंच्या आसपास. अँबॅसडर अकराशेच्या घरात. अँबॅसडरवर या शहराचं प्रेम आहे, माझंही आहे, पण शंकूंमधून ती फिरवताना चालवणारा स्टिअरिंगशी झुंजत बसतो.

तुझ्यासाठी माझं मत दुसऱ्या पिढीच्या पेट्रोल स्विफ्टला. ही २०११ मध्ये आली. इंजिन १.२ लिटरचं, वजन हजार किलोंच्या आत. तिचे सुटे भाग मल्लिकबाजारात एका फेरीत मिळतात, जुनेही आणि नवेही. पहिल्या पिढीची, १.३ लिटरची स्विफ्ट जास्त झणझणीत होती, पण ती मॉडेलं आता पंधरा वर्षांच्या पुढे गेली. पंधरा वर्षांनी खासगी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, आणि कोलकात्यात जुन्या गाडीमागे तो ताप लावून घेऊ नये. फोक्सवॅगन पोलो चाकणला बनायची, रॅलीवाल्यांची ती आवडती आणि खरोखर भक्कम. मात्र तिच्या दुरुस्तीचा खर्च तुझ्या पहिल्या पगारांना झेपणार नाही.

घेताना दोन गोष्टींवर अडून बस. पहिली, हँडब्रेकचा दांडा हवा. बटणाचा पार्किंग ब्रेक असलेल्या गाड्या या खेळात अडचणीच्या, कारण अगदी अरुंद वळणावर मागची चाकं क्षणभर अडवून गाडी फिरवावी लागते. दुसरी, गाडी रोजच्या रस्त्यावरही तूच चालवणार, तेव्हा एबीएस असलेलीच घे. भुसभुशीत मातीवर एबीएसमुळे थांबायला थोडं जास्त अंतर लागतं हे खरं. पण त्यावर उपाय ब्रेक जरा आधी लावण्याचा आहे, एबीएस काढण्याचा नाही. मग मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून हळूहळू गोल फिर. पुढच्या चाकातून टकटक आवाज आला तर अ‍ॅक्सलचा सांधा गेलाय. तेवढे पैसे किमतीतून कमी करून घे.

गाडी घेतल्यावर पहिलं वर्षभर इंजिनाला हात लावायचा नाही. ब्रेकचं तेल बदल, नवे पॅड घाल, टायर चांगले घाल, बस्स. आणि खडूची एक पेटी जवळ ठेव. फेरीआधी पुढच्या टायरच्या कडेवर, जमिनीला टेकणारा भाग संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, खडूची आडवी रेघ ओढायची. टणक जमिनीवर दोन चकरा मारून यायचं आणि खाली बसून बघायचं. रेघ भिंतीवरून खालपर्यंत पुसली गेली असेल तर टायर वळणात मुडपतोय, हवा कमी आहे. कडेवरची रेघ तशीच राहिली असेल तर हवा जास्त. दोन-दोन पौंडांनी बदलायचं आणि दर वेळी वहीत मांडायचं. कसोटीवर सोन्याची रेघ ओढून कस पाहायला तू लहानपणी आजोबांकडे शिकलास, तीच नजर इथे लागते.

माती मात्र नव्याने शिकावी लागेल. तिकडे विट्याच्या मुरमावर खडे चाकाखाली गोट्यांसारखे लोळतात. इथली गंगेची गाळमाती सुकली की फरशीसारखी टणक होते आणि वर पिठासारखी धूळ साचते. पहिल्या गाड्या ती धूळ झाडतात, मग वाटेवर काळसर पट्टा उघडा पडतो आणि नंतरच्यांना पकड मिळते. त्या पट्ट्याबाहेर चाक गेलं की गाडी सरळ घसरत जाते. म्हणून स्पर्धेच्या सकाळी अख्खी वाट पायी चाल, तीन-तीनदा चाल. पुण्याचे संजय टकले मोटोक्रॉसच्या मोटारसायकलींवरून रॅलीच्या गाड्यांकडे आले. मातीची जाण त्यांनी आधी दोन चाकांवर मिळवली.

कागदपत्रांत हयगय नको. स्पर्धा चेन्नईच्या फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाची मान्यता असलेलीच निवड आणि त्यांचं लायसन्स काढ. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डिकीतला जॅकसुद्धा बाहेर, बॅटरी घट्ट बांधलेली, एवढी तयारी घरूनच करून जा. आणि हे वहिनींना आधी सांगून ठेव: गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यतीतलं नुकसान धरत नाहीत. मैदानात जे मोडेल ते तुझ्या खिशातून.

गाडी तिकडूनच घेऊन येणार असशील तर एमएच १० च्या आरटीओकडून नाहरकत पत्र निघाल्याशिवाय निघू नकोस. पाऊस संपला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथली जमीन कोरडी राहते, तेवढेच महिने आपले. खडू दुकानात आहे. भडंग मात्र सांगलीहून आण, इथे मिळत नाही.

तुझा,
काका