शंभर मीटर, एकवीस दिवस आणि मी केलेल्या चुका



तालुका क्रीडा स्पर्धेचं पत्र शाळेत येतं तेव्हा हातात जेमतेम तीन आठवडे असतात. मग आपण काय करतो? वर्गात पळणारी चार पोरं हेरतो, मैदानावर काढतो आणि म्हणतो, "पळा!" मीही अनेक वर्षं हेच केलं. एका वर्षी मात्र सातवीतल्या एका मुलीनं मला शंभर मीटरचा धडा नव्याने शिकवला. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चुका माझ्या होत्या, त्या मात्र सगळ्या लिहितो.

पोरगी चपळ होती. पहिल्या दिवशी वेळ मोजली, १५.८ सेकंद. तिचे वडील शाळेत आले होते. त्यांनी विचारलं, "सर, तीन आठवड्यांत किती कमी होईल?" मी छातीठोकपणे म्हणालो, "एक सेकंद तरी कमी करतोच!" बोलून तर बसलो, आता करून दाखवायचं होतं.

माझी पहिली चूक

मी ठरवलं, जितकं जास्त पळेल तितकी वेगवान होईल. सकाळी मैदानाला दहा फेऱ्या, संध्याकाळी शंभर मीटर दहा वेळा आणि मध्ये एक मिनिट विश्रांती. हे रोज. आठ दिवसांनी वेळ घेतली तर १६.१! म्हणजे पोरगी आणखी मंदावली. मी तिच्यावरच चिडलो, "मन लावून पळत नाहीस."

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. म्हणाली, "सर, पोरगी रोज रात्री मांडीला तेल लावून झोपते. मागून ओढल्यासारखं होतंय म्हणते. तुम्हाला सांगायला घाबरते. बक्षीस नाही मिळालं तरी चालंल, पण पोरगी धड चालली पाहिजे."

खरं सांगतो, मान खाली गेली. अति तेथे माती हे मी फळ्यावर शंभरदा लिहिलं असेल, मैदानावर मात्र विसरलो होतो. डॉक्टरांना दाखवलं. चार दिवस पूर्ण विश्रांती दिली, दुखणं थांबलं, डॉक्टरांनी पळायला हरकत नाही म्हटल्यावरच पुन्हा सुरुवात केली. त्या चार दिवसांत मी वाचन केलं, जाणत्या क्रीडाशिक्षकांना विचारलं.

मग कळलं ते असं

पूर्ण वेगाने धावताना स्नायूंना लागणारी ताकद पहिल्या काही सेकंदांत तिथेच साठवलेल्या इंधनातून येते. त्याला क्रिएटिन फॉस्फेट म्हणतात. हा साठा छोटा असतो आणि पुन्हा भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. मी एक मिनिटात पुन्हा पळवत होतो, म्हणजे रिकाम्या टाकीची गाडी ढकलत होतो. दमलेलं मूल हळू पळतं आणि रोज हळूच पळण्याचा सराव करतं. जाणकार एक साधा हिशेब सांगतात. पूर्ण वेगाने धावलेल्या दर दहा मीटरला साधारण एक मिनिट विश्रांती. साठ मीटर पळालात, तर सहा मिनिटं थांबा.

दुसरी गोष्ट, तीन आठवड्यांत पायात फार मोठी ताकद तयार होत नाही. पण सुरुवात सुधारते, हातापायांची शिस्त सुधारते, शेवट सुधारतो. लवकर कमी होणारी वेळ इथेच लपलेली असते.

उरलेल्या दिवसांत आम्ही हे केलं:

१) आठवड्यात तीनच दिवस वेगाचा सराव, एक दिवसाआड. आधी वीस मिनिटं अंग गरम करणं. हलकं धावणं, गुडघे उंच उचलून चालणं, टाचा मागे मारत धावणं, मग हळूहळू वेग वाढवत दोन-तीन छोट्या धावा.

२) पहिला दिवस फक्त सुरुवातीचा. वीस मीटर, सहा वेळा. पुढचा पाय रेषेपासून सुमारे दोन पावलं मागे, मागचा पाय तीन पावलं. इथे पाऊल म्हणजे मुलाच्या स्वतःच्या तळपायाची लांबी. सुटल्यावर लगेच ताठ व्हायचं नाही. नजर खाली, जमीन मागे ढकलायची, अंग हळूहळू सरळ करायचं.

३) दुसरा दिवस साठ मीटरचा. चारच वेळा, मध्ये भरपूर विश्रांती. हात पुढे-मागे हलले पाहिजेत, छातीसमोर आडवे नाही. पोरं जोर लावताना दात-ओठ खातात, मुठी आवळतात. मी सांगायचो, "बोटांत पापड धरलाय असं समज, तो मोडायचा नाही." हे त्यांना लगेच समजतं.

४) तिसरा दिवस शेवटाचा. शंभर मीटर दोनदाच. रेषा एकशे दहा मीटरवर आहे असं समजून पळायचं.

शेवटाबद्दल एक गंमत सांगतो. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम केला. त्यात साठ ते ऐंशी मीटर हा टप्पा त्याने १.६१ सेकंदांत पार केला, शेवटचे वीस मीटर १.६६ सेकंदांत. म्हणजे बोल्टसुद्धा शेवटी थोडा मंदावला! म्हणून मुलांना "शेवटी जोर लाव" असं ओरडू नका. "सैल राहा, वेग टिकव" असं सांगा. आणि रेषेवर छाती पुढे झुकवायला शिकवा, कारण निकाल धड रेषेवर कधी पोचतं त्यावर ठरतो. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळा शर्यतीत पी. टी. उषा यांचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं, हे मुलांना जरूर सांगा.

माझी दुसरी चूक

स्पर्धेच्या चार दिवस आधी पुन्हा वेळ घेतली. १५.० सेकंद! मी उड्या मारल्या. वडिलांना फोन लावणार, तेवढ्यात आमच्या विज्ञानाच्या बाईंनी विचारलं, "सर, घड्याळ कसं सुरू केलंत?"

पहिल्या दोन्ही वेळांना मी अंतिम रेषेवर उभा होतो आणि सुरुवातीला एक मुलगा झेंडा खाली करत होता. या वेळी झेंडा सापडला नाही म्हणून त्याने शिट्टी वाजवली होती. बाई म्हणाल्या, "आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तुमच्यापर्यंत शंभर मीटर यायला त्याला ०.३ सेकंद लागले. तेवढा वेळ पोरगी पळतच होती." म्हणजे खरी वेळ १५.३ च्या आसपास. आठवीच्या मुलांना ध्वनीचा वेग बाईच शिकवायच्या, मैदानावर तो मला शिकावा लागला!

क्षणभर वाटलं, सांगावं कशाला? पोरीचा उत्साह जाईल, माझा शब्दही खोटा पडेल. पण दुसऱ्या दिवशी तिला बसवून सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे सर, अर्धा सेकंद माझा आणि बाकीचा शिट्टीचा?" आणि हसली. मग मीही हसलो. अर्धा सेकंद म्हणजे तिच्या वेगाने तीन मीटरहून जास्त अंतर. ते तिचं स्वतःचं होतं.

शेवटचे तीन दिवस हलका सराव, वेळेवर जेवण आणि पुरेशी झोप, एवढंच. स्पर्धेत ती चौथी आली. पदक नाही मिळालं. मी वडिलांपाशी जाऊन म्हणालो, "एक सेकंदाचा शब्द मी पाळू शकलो नाही." ते म्हणाले, "पोरगी पळत घरी येते सर, बास झालं."

तेव्हापासून मी कुणाला सेकंदांचं वचन देत नाही. शिक्षक मित्रांनो, वेळ घेताना झेंड्याकडे किंवा हाताच्या खुणेकडे बघून घड्याळ सुरू करा, दर वेळी एकाच पद्धतीने. पालकहो, मुलाला रोज "आज किती सेकंद?" असं विचारण्याआधी "आज पाय दुखतोय का?" असं विचारा. मांडीच्या मागे ओढ लागली तर त्याच दिवशी सराव थांबवा. तीन आठवड्यांत वेळ थोडी कमी होते, हे मी पाहिलंय. पण मूल आपल्याला दुखणं सांगायला घाबरत असेल, तर घड्याळ काहीही दाखवो, आपण हरलेलो असतो.